आईचा उमेदवारी अर्ज आणि दोन घरांचे कागद

जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत माझी आई आमच्या प्रभागातून उभी राहिली. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय राज्यशास्त्र. कॉलेज बंद, तास मोबाइलवर, म्हणून मी गावातच होते आणि आईचे सगळे कागद माझ्या गळ्यात आले. अर्ज भरण्यापासून जात पडताळणीपर्यंतचं हे काम आता संपलंय. मधल्या काळात आजूबाजूच्या गावांतून फोन येत राहिले, "तुम्ही ते माहेरचे कागद कसे जमवले?" म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. ज्या घरातली बाई पुढच्या खेपेला उभी राहणार असेल, त्या घराने कागद आत्तापासून गोळा करायला घ्यावेत.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात. नऊ सदस्यांची ग्रामपंचायत, आमच्या प्रभागात तीन जागा, त्यातली एक नागरिकांचा मागास प्रवर्ग महिला. पेपरात आणि तहसीलच्या कागदांवर याला 'नामाप्र' लिहितात, गावात सगळे ओबीसीच म्हणतात. कोरोनामुळे मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींच्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या होत्या, गावोगाव प्रशासक बसले होते. दिवाळी झाली तशी कुजबुज सुरू झाली आणि एका संध्याकाळी पॅनेलची माणसं अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, आली.

"वहिनींना उभं करायचं ठरलंय," त्यातले एकजण म्हणाले.

आई आतून चहा घेऊन आली होती. तिने ट्रे खाली ठेवला आणि विचारलं, "कुणी ठरवलं?"

कुणी काही बोललं नाही. मग अण्णाच म्हणाले, "तिला विचारा, मला काय विचारताय." आई गेली काही वर्षं बचत गटाची सचिव आहे. गटाचं पासबुक, हप्ते, कुणाचं किती थकलं, हे सगळं तिच्या वहीत असतं. तिने दोन दिवस मागून घेतले आणि मग तीन गोष्टी सांगितल्या: हिशेब मी ठेवणार, सही मी करणार, मासिक सभेला मी जाणार, अण्णा नाहीत. पॅनेलवाल्यांनी मान डोलावली. त्यांनी ते किती मनावर घेतलं होतं कुणास ठाऊक, पण आईने घेतलं होतं.

इथून कागद सुरू झाले. राखीव जागेवर उभं राहायचं तर जात प्रमाणपत्र हवं आणि जात पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी हवी. माझ्याकडे माझी व्हॅलिडिटी होती, बारावीनंतर काढलेली. तिचा आईला काही उपयोग नाही. लग्न झालेल्या बाईची जात तिच्या वडिलांकडून सिद्ध करावी लागते, नवऱ्याच्या किंवा मुलांच्या कागदांवरून नाही. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, वडिलांकडच्या नातेवाइकाचा जातीची नोंद असलेला पुरावा लागतो. अनुसूचित जाती-जमातींना १९५० च्या आधीचा आणि विमुक्त-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. घरातल्या सुनेचे कागद सासरच्या कपाटात शोधून सापडणार नाहीत, ते तिच्या माहेरी आहेत.

हे किती मोठं प्रकरण आहे ते मला आमच्या भावकीत दिसलं. दुसऱ्या पॅनेलला याच जागेसाठी माझ्या चुलतभावाच्या बायकोला उभं करायचं होतं. वहिनी शिकलेली, बोलायला ठाम, पण तिचं माहेर अथणीचं. आमच्या भागात अथणी, विजयपूर म्हणजे सोयरिकीचा रोजचा पट्टा, पण तो कर्नाटकात. तिच्या वडिलांचे कागद त्या राज्यातले, त्यामुळे इथल्या राखीव जागेसाठी तिला प्रमाणपत्र मिळेना. ती इतकी वर्षं इथं मतदान करते, पाणी भरते, ग्रामसभेत बोलते. तरी तो फॉर्म तिच्यासाठी नव्हता. ती आमच्या विरोधात उभी राहणार होती, पण मला अजूनही वाईट वाटतं.

आईचं माहेर जत तालुक्यातलं, म्हणजे जिल्हा एकच. हे नशीब. कवठेमहांकाळमार्गे गेलो. मुख्याध्यापकांना आधी फोन केला होता, कारण शाळा मुलांसाठी बंद होत्या. हा फोन नक्की करा. रजिस्टर कपाटात असतं आणि कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे असते.

आजोबांच्या शाळेचं जनरल रजिस्टर लाल कापडात बांधलेलं होतं. पानांच्या कडा हात लावला की सुटत होत्या, म्हणून गुरुजी पट्टीने पान उलटत होते. १९५३ सालच्या पानावर, निळ्या शाईत, नाव सापडलं: तुका, पुढे वडिलांचं नाव, पुढे आडनाव. जातीच्या रकान्यात 'हिंदू माळी'. आई त्या ओळीवर बोट न टेकवता, वरून फिरवत वाचत होती. शाळा सोडल्याचं कारण: गैरहजर. इयत्ता दुसरी.

"आबा तर म्हणायचे चौथी पास झालो," आई म्हणाली. मामा हसला. आई नाही हसली. तिने गुरुजींना ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली.

गुरुजींनी त्या नोंदीचा निर्गम उतारा सही-शिक्क्यानिशी दिला. एकच उतारा घेऊ नका, दोन-तीन मूळ प्रती मागून घ्या, कारण जात प्रमाणपत्राला आणि पडताळणीला मूळ दाखवावा लागतो. शाळेत नोंद नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदीत जात लिहिलेली असते. जत १९४८ पर्यंत संस्थान होतं. जुन्या नोंदी कधी कधी मोडीत निघतात आणि मग मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. आमचं शाळेवर भागलं.

पुढची अडचण नावाची. आईच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधार आणि मतदार यादीत सासरचं. ही दोन नावं एकाच बाईची आहेत याला पुरावा काय? विवाह नोंदणी. माझ्या आईवडिलांचं लग्न १९९६ चं, नोंदणी कधी केलीच नव्हती. ग्रामीण भागात तेव्हा ग्रामसेवक हेच विवाह निबंधक होते, त्यामुळे काम गावातच झालं. फॉर्मवर तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या पुरोहितांची सही. भटजी वारलेले, त्यासाठी प्रतिज्ञापत्र. लग्नपत्रिका आजीच्या ट्रंकेतून निघाली, डांबर गोळीच्या वासासकट. दोघं ग्रामपंचायतीच्या बाकावर शेजारी बसून फोटो चिकटवत होते. अण्णांच्या फोटोला जास्त खळ लागली तर आईने पदराने पुसली. साक्षीदार म्हणून दुसऱ्या पॅनेलमधले माझे चुलत काका आले. निवडणुकीत ते समोर होते, पण लग्नात तेच अण्णांच्या मागे उभे होते. त्यांनी काही न बोलता सही केली आणि गेले.

जात प्रमाणपत्राचा अर्ज माहेरच्या भागातच, जतच्या प्रांत कार्यालयाकडे करायचा होता. त्यासोबतच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, २००४ पासून त्याला मुद्रांक शुल्क माफ आहे. तरी बाहेर बसलेले लोक तेव्हा शंभराचा स्टॅम्प घ्यायला लावत होते. साध्या कागदावर करा. प्रमाणपत्र डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मिळालं.

तोवर कार्यक्रम लागला होता. ११ डिसेंबर २०२० ला राज्य निवडणूक आयोगाने १४,२३४ ग्रामपंचायतींची निवडणूक जाहीर केली. अर्ज २३ ते ३० डिसेंबर, छाननी ३१ ला, माघार ४ जानेवारीला, मतदान १५ ला, मोजणी १८ ला. वाचायला आठवडाभर वाटतो, पण २५, २६, २७ ला सुट्टी. हातात उरले पाच दिवस. अभ्यासक्रमात ७३ वी घटनादुरुस्ती मी पाठ केली होती, महाराष्ट्रात महिलांना निम्म्या जागा आहेत हेही लिहून गुण मिळवले होते. त्या आठवड्यात तहसीलच्या आवारात झाडाखाली फायली घेऊन बसलेल्या बायका बघितल्या तेव्हा त्या निम्म्या जागा भरतात कशा ते कळलं. प्रत्येकीच्या हातात माहेरचा एखादा कागद कमी होता आणि तिचा भाऊ कुठून तरी मोटारसायकलवर तो घेऊन येत होता.

पडताळणी इतक्या दिवसांत होत नाही. त्या निवडणुकीत अशी सोय होती की व्हॅलिडिटी नसेल तर जात पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि निवडून आल्यापासून बारा महिन्यांत प्रमाणपत्र देण्याचं हमीपत्र जोडायचं. सांगलीला समितीच्या कार्यालयात सोमवारी, २८ तारखेला ती पोच मिळाली. रांग रस्त्यापर्यंत होती. वंशावळीचं शपथपत्र घरूनच तयार करून नेलं होतं, म्हणून आमचं त्याच दिवशी झालं. वंशावळ लिहिताना मामाला समोर बसवा. पणजोबांच्या भावांची नावं आईला आठवत नव्हती, मामाला होती.

बाकीचे कागद गावातलेच. मतदार यादीतला उतारा. घरपट्टी-पाणीपट्टी थकबाकी नसल्याचा दाखला. घरी शौचालय असून ते वापरात असल्याचं प्रमाणपत्र. ग्रामपंचायतीचा ठेका घेतलेला नाही, सरकारी जागेवर अतिक्रमण नाही, याचं लिहून द्यायचं. सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलांमुळे अपत्यांची संख्या दोनच्या वर गेली तर उमेदवार अपात्र ठरतो. आम्ही दोघंच भावंडं, पण आमच्या गल्लीतली एक उमेदवारी इथंच संपली. १ जानेवारी १९९५ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना किमान सातवी पासही लागते. मालमत्ता, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती देणारं घोषणापत्र. निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं, तेही अर्जाच्या आधी. अनामत रक्कम राखीव जागेला तेव्हा १०० रुपये होती. आणि त्याच प्रभागातला एक सूचक. आईच्या सूचक म्हणून बचत गटातल्या शेजारच्या काकूंनी सही केली. पॅनेलवाल्यांनी दुसरं नाव सुचवलं होतं, आईने ऐकलं नाही.

अर्ज ऑनलाइन भरून त्याची प्रिंट सही करून द्यायची असते. सगळा महाराष्ट्र एकाच वेळी त्या संकेतस्थळावर आला होता. पान उघडायचं, अर्ध्यात थांबायचं. मी रात्री उशिरापर्यंत सेंटरवर बसले होते आणि छातीत धडधडत होतं, कारण चूक झाली तर नुकसान माझं नव्हतं, आईचं होतं. तेवढ्यात बातमी आली की आयोगाने ३० तारखेला संध्याकाळी साडेपाचपर्यंत कागदावर, जुन्या पद्धतीने अर्ज घ्यायला परवानगी दिली आहे. सेंटरमध्ये बसलेल्यांनी एकमेकांना पेढे वाटायचंच काय ते बाकी ठेवलं. दुसऱ्या दिवशी आईने स्वतःच्या हाताने सगळा अर्ज भरला. तिचं अक्षर गोल आणि स्वच्छ आहे. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर तिने नाव, वय, प्रभाग स्पष्ट सांगितलं आणि पोच घेतल्याशिवाय ती तिथून हलली नाही.

छाननीच्या दिवशी हरकत आली: घरपट्टी सामायिक आहे, थकबाकी आहे. आमच्याकडे चालू वर्षाची मूळ पावती होती, हरकत फेटाळली. छाननीला मूळ कागदांची पूर्ण फाइल आणि उमेदवार स्वतः, दोन्ही हजर हवेत.

३१ ते ४ तारखेचे दिवस सगळ्यात जड गेले. बिनविरोधासाठी बैठका. बिनविरोध होणाऱ्या गावांना जादा निधी देऊ, असं त्या वेळी ठिकठिकाणचे आमदार सांगत होते. देवळात बसून समजूत काढली जायची, "गावात भांडण नको, एकमतानं करू." त्या बैठकीत बायका नसायच्या. एकमत कुणाचं? त्याच हंगामात नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथं पदांचा लिलाव झाल्याचं उघड झालं आणि आयोगाने तिथली निवडणूकच रद्द केली. बिनविरोध झालं की गाव शांत राहतं, हे मला मुळीच पटत नाही. बोलायचं राहून गेलेलं पाच वर्षं आतल्या आत धुमसत राहतं. चार तारखेला दुपारी तीन वाजेपर्यंत आईचा फोन सतत वाजत होता. तिने तो माझ्याकडे दिला आणि द्राक्षबागेत डिपिंगच्या, म्हणजे घड औषधात बुडवणाऱ्या, बायकांकडे निघून गेली.

चिन्हाचा पसंतीक्रम द्यायचा असतो. पहिली पसंती कपबशी होती, मिळाली छत्री.

प्रचारात आई दारोदार फिरली. सदस्याच्या निवडणुकीत समजावण्याची खरी गोष्ट वेगळीच असते: आमच्या प्रभागात तीन जागा, म्हणजे प्रत्येकाने तीन मतं द्यायची. म्हाताऱ्या बायका एक बटण दाबून बाहेर येतात. आईने एका पुठ्ठ्यावर तिन्ही जागा काढल्या आणि घरोघरी तेच दाखवलं, कुणाला द्या हे शेवटी सांगायची. मतदानाच्या आदल्या दिवशी संक्रांत होती. दर वर्षी आमच्याकडे हळदीकुंकू असतं. आचारसंहिता चालू होती, उमेदवाराच्या हातचं वाण म्हणजे आमिष ठरलं असतं, म्हणून त्या वर्षी आईने वाण लुटलं नाही. समोरच्या घरी अथणीच्या वहिनीने बोलावलं होतं. आई गेली, तिळगूळ घेतला, आली.

आई निवडून आली, थोड्या मतांनी. मोजणीच्या दिवशी मी तहसीलच्या बाहेर उभी होते आणि आकडा ऐकला तेव्हा पहिल्यांदा भूक लागल्याचं जाणवलं.

त्या वेळी सरपंच सदस्यांमधून निवडायचा होता आणि सरपंचपदाचं आरक्षण निकालानंतर निघालं. मधल्या दिवसांत सदस्य फुटू नयेत म्हणून सहल निघते, तशी आमच्या पॅनेलचीही निघाली. आई गेली नाही. "माझं मत कुठं पळून जातंय?" एवढंच म्हणाली. यावर घरात अण्णांशी तिचा वाद झाला, आवाज चढले, रात्री कुणी धड जेवलं नाही. अण्णांवर पॅनेलचा दबाव होता. सकाळी अण्णांनीच पॅनेलवाल्यांना फोन करून सांगितलं की ती मतदानाला येईल, सहलीला नाही. फेब्रुवारीत सरपंच निवड झाली. आईने ठरल्याप्रमाणे पॅनेलला मत दिलं.

आता ज्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं ते. निकालानंतर तीस दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, हरलेल्यांनाही. दिला नाही तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ ब खाली पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. सात ते नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्याला खर्चाची मर्यादा २५ हजार होती. आईचा खर्च ११,३४० रुपये झाला: पत्रकं, रिक्षाचा भोंगा, चहा, प्रवास. कागदांचा खर्च त्याहून वेगळा, सहा हजारांच्या आसपास, त्यात जतच्या गाडीभाड्याचाच वाटा मोठा. बचत गटाच्या वहीसारखीच तिने ही वही ठेवली होती, तारीख आणि पावती नंबर टाकून. ट्रू व्होटर ॲपवर भरणं माझं काम. दुसऱ्या पॅनेलमधल्या हरलेल्या उमेदवार बाईंना हे माहीतच नव्हतं. आईने मला त्यांच्याकडे पाठवलं आणि त्यांचाही हिशेब मी वेळेत भरून दिला.

शेवटी राहिली व्हॅलिडिटी. मार्चमध्ये समितीचं त्रुटीपत्र आलं: शाळेत नाव 'तुका', सातबाऱ्यावर 'तुकाराम', दोन्ही व्यक्ती एकच असल्याचा पुरावा द्या. मग दुसरी लाट आली, सगळं थांबलं. गावात रोज कुणी ना कुणी आजारी, आईचं लक्ष विलगीकरण कक्षाच्या जेवणाकडे, आणि माझ्या डोक्यात बारा महिन्यांची मुदत. जूनमध्ये कार्यालयं उघडल्यावर मामाने जुना फेरफार काढला, त्यात 'तुका ऊर्फ तुकाराम' असं लिहिलेलं मिळालं. त्यासोबत एक प्रतिज्ञापत्र दिलं. त्रुटीपत्राला उत्तर देताना फक्त मागितलेलंच द्या, पण त्याची पोच घ्या आणि अर्जाचा क्रमांक प्रत्येक पानावर लिहा. सप्टेंबर २०२१ मध्ये वैधता प्रमाणपत्र मिळालं. तहसीलला मूळ दाखवून प्रत दिली, आवक नंबर घेतला.

प्रमाणपत्रावर आईचं माहेरचं नाव आणि सासरचं नाव, दोन्ही आहेत. मासिक सभेच्या नोंदवहीत ती स्वतः सही करते. पहिल्या सभेला अण्णांनाही खुर्ची ठेवली होती, ते गेलेच नाहीत. पहिल्या काही सभांत तिचं कुणी ऐकलं नाही. मग तिने पाणीपुरवठ्याच्या मोटारीच्या दुरुस्तीची बिलं मागितली, आणि ती सभेपुढे आली.

या फाइलचा पुढचा उपयोग आम्हाला आधी सुचला नव्हता. मामाच्या मुलीला यंदा नर्सिंगला प्रवेश घ्यायचा आहे. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातली व्हॅलिडिटी सगळ्यात भक्कम पुरावा धरतात, त्यामुळे आत्याचं, म्हणजे आईचं प्रमाणपत्र तिला थेट जोडता आलं. मामाच्या घरातली ही पहिलीच व्हॅलिडिटी. सध्या मूळ निर्गम उतारा, फेरफार आणि वंशावळ असलेली फाइल जतला आहे. काम झालं की ती मला परत आणायची आहे, कारण मावशीच्या गावात पुढच्या निवडणुकीत महिला राखीव जागा निघाली तर तिलाही हेच कागद लागणार आहेत.